खांबाची येळवस

१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुके,

“ढगाच्या आणि आपल्या मधल्या जागेत कोण राहतं गं?” असं तू मला नववीत विचारलं होतंस. सोनपेठच्या शाळेमागे पाण्याच्या टाकीवर बसून आपण चिंचा खात होतो. मी म्हणाले, “घारी.” तू इतकी चिडलीस की उरलेल्या चिंचा एकटीनेच संपवल्यास.

काल ते आठवलं, कारण तुमची माणसं आमच्या माळावर खांब उभा करून गेली. नकाशावर जागा शोधताना तुला माझ्या सासरचं गाव दिसावं, आणि इतक्या वर्षांनी तू त्या निमित्ताने मला शोधावंस, याचं मला अजून नवल वाटतं. तारेचं कुंपण घातलंय, कुलपाची किल्ली मला दिलीय. वर तीन वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात. छातीच्या उंचीवर एका आडव्या दांडीवर दोन डोळ्यांसारखं काहीतरी एकमेकांकडे बघत असतं. खाली एक पेटी आहे, ती नुसती वर आभाळाकडे तोंड करून बसलेली.

गावात रोज नवी बातमी. कुणी म्हणतं, हे ढग पळवायचं यंत्र आहे. माझ्या सासूबाई, दगडाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माळ चढून स्वतः बघून आल्या. म्हणाल्या, “टावर हाय म्हनं. मंग घरात माज्या फोनला रेंज का न्हाई? मुकंच दिसायलंय मेलं.”

त्यांना खरी काळजी वेगळी आहे. कुंपणाला लागूनच आमच्या शेताचे पाच पांडव, ओळीने मांडलेले पूजेचे दगड, आहेत. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, त्यांच्यापुढेच आमची कडब्याची कोप, पूजेची खोपी, उभी राहते. यंत्रवाले त्यांना हात तर लावणार नाहीत ना?

फोन करत नाही. फोनवर तू “बोल लवकर” म्हणतेस, आणि मला लवकर बोलता येत नाही. हे यंत्र दिवसभर तिथे करतं काय, ते लिहून कळव.

तुझी,
राजेश्री

३० नोव्हेंबर २०२४

प्रिय राजे,

पांडवांना कुणी हात लावणार नाही, आत्यांना सांग. ते कुंपणाच्या बाहेर राहतील असं मीच नकाशावर बघून घेतलं होतं.

आता यंत्राचं. विमानतळावर हवामान मोजणारी माणसं असतात, यंत्रं असतात. पण दोन विमानतळांच्या मधल्या मुलुखात काय चाललंय, हे फारसं कुणाला कळत नाही. वैमानिक तिथून अंदाजाने जातात. गोदावरी ओलांडली की तुमच्याकडे बालाघाटचे डोंगर सुरू होतात, आणि ढग खाली आला की ते डोंगर नाहीसे होतात. मोठी विमानं फार वरून जातात, त्यांना त्याचं काही नसतं. लहान विमानांना असतं.

ते दोन डोळे आहेत ना, त्यातला एक उजेड सोडतो, दुसरा बघतो की हवेत तो किती विखुरला. त्यावरून किती लांबवरचं दिसतंय ते कळतं. आणि ती पेटी आभाळात एक किरण सोडते. तुला तो दिसणार नाही. तो जाऊन ढगाच्या तळाला लागतो आणि परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून ढग किती उंच आहे ते समजतं. दिवसरात्र हेच चालू असतं. आणि आत्यांना सांग, ते मुकं नाही. ते सारखं बोलत असतं. जवळून जाणाऱ्या विमानाच्या रेडिओवर त्याचा आवाज ऐकू येतो: वारा इतका, ढग इतके उंच, दिसतंय इतकं. आपल्या कानांना मात्र नाही.

माझी पिंकी आता एकटीने विमान चालवते. शिकाऊच आहे अजून, दोन माणसांचं छोटं विमान. यापुढचे तिचे लांबचे पल्ले तुमच्या डोंगरावरून आहेत. मी तिची आई आहे आणि हवामानाच्या नोकरीत आहे, म्हणून मला झोप कमी येते. खांबाची जागा सुचवणाऱ्या कागदावर माझी सही आहे. तो अजून तपासणीवर आहे. नीट चालला तर राहील.

माझ्या खोलीला खिडकी नाही, राजे. आभाळाची नोकरी आणि आभाळ दिसत नाही. पण तुझ्या माळाचे आकडे समोर दिसतात. परवा दुपारी चारच्या सुमारास तुझ्याकडचा वारा एकदम उलटा फिरला. काय झालं होतं तिथे?

तुझी,
सुकेशनी

३१ डिसेंबर २०२४

प्रिय सुके,

त्या दिवशी वारा फिरला तेव्हा माझं वाळत घातलेलं लुगडं उडून शेजारच्या गोठ्यावर गेलं आणि त्यांची म्हैस बुजली. ती म्हैस संध्याकाळी धार देईना, म्हणून शेजारणीने मला बोल लावला. आणि तू तिकडे बंद खोलीत बसून तोच वारा बघत होतीस! मी त्यानंतर कितीदा तरी माळावर जाऊन नुसती उभी राहिले. वारा आला की वाटतं, हा सुकेला दिसला.

आत्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ढगाच्या तळाला लागून परत येणाऱ्या किरणापाशी त्यांनी मला थांबवलं.

“पुना वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“म्हंजी ह्यो हितं बसून ढगाला हात लावून येतो?”

“हो आत्या.”

“आन् रातंदिस जागा ऱ्हातो?”

“हो.”

“आन् वरल्या लेकरांस्नी सांगतो, इकडून या, तिकडून जाऊ नका?”

“तसंच.”

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, “मंग त्याला मुका म्हन्ले म्या. पाप लागंल.”

काल येळवस झाली. गाव रिकामं, सगळी माणसं रानात. पांडवांना चुना लावला, कोप बांधली. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, मडकंभर आंबील. आमच्याकडे पूजा झाली की आंबील शेतभर शिंपडतात, म्हणजे पिकाला, मातीला, पाखरांना, सगळ्यांना जेवण पोचतं. आत्यांनी शेतभर शिंपडली आणि मग माझ्यापुढे हात केला, “किल्ली दे.”

“कशाला आत्या?”

“सगळ्या रानाला जेवू घातलं. ह्यो एकटा उपाशी ठिवू का?”

आत जाऊन त्यांनी खांबाला आंबील शिंपडली, पेटीला शिंपडली. मग त्या दोन डोळ्यांच्या दांडीला नवा कोरा हिरवा खण बांधला. म्हणाल्या, “सुकेशनीच्या लेकीला सांभाळ बाबा.” मीही हात जोडले. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा, पेंढीची मशाल, पेटवून शेताभोवती फेरी मारली, तेव्हा उजेडात तो खण वाऱ्यावर फडफडताना दिसत होता. मला फार बरं वाटलं. म्हटलं, तुला आजच लिहावं.

पिंकीला आमचा सगळ्यांचा आशीर्वाद सांग.

तुझी,
राजेश्री

८ जानेवारी २०२५

प्रिय राजे,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच क्षणी तुला फोन केला. मी ओरडले. तू “बरं” म्हणालीस आणि खण सोडायला पळालीस. ओरडण्याबद्दल लिहिते आहे, पण आधी काय झालं ते सांगते, म्हणजे तुला कळेल मी का ओरडले.

येळवशीच्या दुपारपासून तुमचा खांब सांगत होता, दाट धुकं. तळपत्या उन्हात दाट धुकं! खण त्या दोन डोळ्यांच्या मधे लोंबत होता आणि पेटीच्या काचेवर आंबील वाळून बसली होती. आम्हाला इथे नुसते आकडे दिसतात, खण दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पिंकी एकटीच त्या बाजूला निघाली होती. पुढे धुकं आहे असं ऐकून ती परत फिरली. तिने बरोबरच केलं. पण मागून गेलेल्या दोघांना आभाळ स्वच्छ दिसलं, आणि तिचा पल्ला मोजला गेला नाही. आता शिकवणारे तुमच्या खांबाचं नाव निघालं की हसतात. पिंकीचे सोबतीही. “दगडाबाईंनी आज काय वाढलंय?” असं विचारतात. हे नाव माझ्याच हातून गेलं, कारण काय घडलं ते मला खरं लिहून द्यावं लागलं.

पिंकी हसण्याने दुखावली नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. खोटं धुकं एकदा सांगितलं की खऱ्या धुक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ती पुन्हा त्या डोंगरावरून जाणार आहे. खांबाने “पुढे येऊ नको” म्हटलं, आणि तिला वाटलं, खणच असेल, तर?

महिनाअखेरपर्यंत तपासणी आहे. आणखी एक चूक झाली तर खांब काढून नेतील. आत्यांना रागावू नकोस. माझ्या लेकीसाठी आजवर कुणी खण बांधला नव्हता. पण काचेला कुणाचा हात लागू देऊ नकोस.

सुकेशनी

२९ जानेवारी २०२५

प्रिय सुके,

त्या सकाळचं फोनवर जे झालं ते झालं. पण तुला फक्त माझा आवाज ऐकू येत होता. तिथे काय होतं ते मला सगळं लिहायचं आहे.

आदल्या दिवसापासून अवकाळी आभाळ आलं होतं. गावातून बघितलं तर साधंच, करडं, झाकण ठेवल्यासारखं. त्याच्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं, पार नदीकाठची झाडंसुद्धा. फक्त माळाचा वरचा भाग दिसत नव्हता, पण तिकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं. मी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. तुझा फोन आला. तू एवढंच म्हणालीस, “खांब म्हणतोय काही दिसत नाही. खरं आहे का खण आहे? पिंकी वाटेत आहे.”

“खण नाही, सुके. मी रोज बघते.”

“इथे कुणी मानत नाही. म्हणतात, ते यंत्र असंच बोलतं. तू वर जा. डोळ्यांनी बघून सांग.”

फोन कानाला तसाच धरून मी पळाले. मागून आत्या ओरडल्या, “काय झालं गं? कुटं पळायलीस?” मी पळतच सांगितलं. तर त्याही काठी घेऊन निघाल्या. मी म्हटलं, थांबा, पडाल. म्हणाल्या, “तू हो म्होरं. म्या येते.”

माळाची अर्धी चढण सरली आणि बांधावरची बाभळ मला दिसेना. वाटलं, घामाने डोळे चुरचुरतायत. पुसले. तरी नाही. मग पुढची वाट पुसट झाली, मग मागची. पापण्यांवर बारीक पाणी जमलं. सुके, मी ढगात शिरले होते. मी आजवर समजत होते की ढग वर असतो आणि आपण खाली. त्याच्यात चालत जाता येतं, चपला घालून, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज नाही, वास नाही. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. हात पुढे केला तर बोटं पांढुरकी होऊन विरत गेली.

कुंपणाची तार हाताला लागली तेव्हा कळलं की मी पोचले. कुलूप काढून चाचपडत आत गेले. तोंड अगदी जवळ नेऊन बघितलं, दोन डोळ्यांच्या मधे काही नव्हतं. पेटीची काच पुसल्यासारखी स्वच्छ. आणि ते यंत्र तिथे एकटं उभं राहून, कुणी ऐकत नसताना, कुणी मानत नसताना, खरं सांगत होतं. मला त्याच्यापुढे एकदम लहान वाटलं. वरून पाणी ठिबकत होतं, तरी वाट्या फिरत असल्याची बारीक कुरकुर येतच होती.

मी तुला म्हणाले, “सुके, खरं आहे. मला माझा हात दिसत नाही.”

तू “बरं” म्हणालीस आणि दुसऱ्या कुणाशी तरी जोरात बोलू लागलीस. आणि मला विमान ऐकू आलं.

आधी लांब, मोटार चालू राहिलेल्या विहिरीसारखं. मग जवळ. कुठून येतंय ते कळेना, ढगात आवाजाला बाजू नसते. तेवढ्यात आत्या धापा टाकत आल्या. ढगाला हात लावून म्हणाल्या, “ह्ये ढग हाय व्हय? वल्या फडक्यावानी लागायलंय.” मग त्यांनाही तो आवाज ऐकू आला. त्यांनी काठी टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वर बघून ओरडल्या, “पिंकेऽऽ! माघारी फिर गं माय! हितं डोंगर हाय! माघारी फिऽऽर!”

त्यांनी पिंकीला कधी बघितलेलं नाही. ऐंशीच्या घरातली बाई, सख्ख्या नातीला हाक मारावी तशी ओरडत होती. मी त्यांना म्हटलं नाही की ऐकू जाणार नाही. मीही ओरडले.

आणि आवाज वळला. बारीक झाला, आणखी बारीक झाला, नदीच्या बाजूला गेला.

आत्या खाली बसल्या. म्हणाल्या, “ऐकलं बग पोरीनं.”

पिंकी कशी आहे? तिला म्हणावं, एकदा ये.

तुझी,
राजेश्री

१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजे,

तुझं पत्र पिंकीला वाचायला दिलं. वाचून ती माझ्याकडे न बघता आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

तिच्या बाजूचं सांगते. रेडिओवर खांबाचा आवाज तिला ऐकू येत होता. ती म्हणते, “आई, मला वाटलं, पुन्हा खण असेल.” समोर राखाडी दिसत होतं, पण तिला वाटलं, ते लांब आहे. ती खाली उतरत होती, खालून जाता येईल म्हणून. तेवढ्यात शिकवणाऱ्यांचा आवाज आला, “वळ. तिथे माणूस उभा आहे, त्याला हात दिसत नाही.” ती वळली. वळताना एका फटीतून तिला काळा खडक दिसला. केवढा जवळ ते ती मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

आत्यांची हाक मला फोनवर ऐकू आली होती. ती पिंकीपर्यंत गेली नसती. पण ती ऐकूनच मी माझ्या साहेबांपुढे फोन धरला. त्यांनी स्वतः शिकवणाऱ्यांना सांगितलं, वळवा.

खांब राहणार. पक्का झाला. त्याच्यावर आता कुणी हसत नाही.

पण राजे, त्याबरोबर एक आदेश निघालाय आणि तो मीच लिहिला आहे. कुणी लिहायला लावला नाही. कुंपण वाढणार. चारही बाजूंनी मोकळी जागा राहणार, तिथे कोप नाही, चूल नाही, धूर नाही, काही शिंपडणं नाही. तुमचे पांडव कुंपणाच्या आत येतील. मी शब्द दिला होता, तो मोडते आहे. त्यांना कुणी हलवणार नाही, पण त्यांच्यापुढे येळवस होणार नाही. आत्यांना काय वाटेल ते मला ठाऊक आहे. तो खडक मी पिंकीच्या डोळ्यांत बघितला आहे, म्हणून मला दुसरं काही लिहिता आलं नाही.

तुझी,
सुकेशनी

२ मार्च २०२५

प्रिय सुके,

कुंपण वाढवून माणसं परवा गेली. आत्या दिवसभर तिथेच दगडावर बसून होत्या. मला वाटलं, भांडतील. त्यांनी त्या माणसांना चहा दिला. एकाला म्हणाल्या, “डांब नीट गाड रे. ढोरं खाजवत्यात.”

संध्याकाळी मी आदेश वाचून दाखवला. तू लिहिलास हेही सांगितलं. आत्या म्हणाल्या, “आई हाय ती. दुसरं काय लिहिल?” मग काठी टेकत उठताना, “पांडवांचं काय न्हाई. ते जुने हायती, समजून घेतेल. पर ह्यो नवा हाय. ह्यानं पोरगी माघारी धाडली. त्याला वरसातून एक डाव घास न्हाई घातला, तर ह्यो आपला कसा म्हनायचा?”

त्या हल्ली थकतात. माळ चढताना दोनदा बसतात. पुढच्या येळवशीला चढतील की नाही, सांगता येत नाही.

मी रोज पहाटे तिकडे जाते. लांब उभी राहते. आता मला त्याचं भय वाटत नाही, आणि सवयही होत नाही. कालचं आभाळ निरभ्र होतं, एकही ढग नाही. तरी ती पेटी वर किरण सोडतच असेल ना? परत यायला काही नसताना? मी तिथे उभी राहून वर बघत होते, मान दुखेपर्यंत. वरती एवढी जागा आहे सुके, आणि कुणीतरी तिला सारखं विचारत असतं, काही आहे का, काही आहे का. मला रडू आलं. का ते माहीत नाही. दुःख नव्हतं.

तर एक मागते.

येत्या येळवशीला, दिवस मावळल्यावर, तुमचं शेवटचं विमान उतरल्यावर, थोडा वेळ कुंपणाचं दार उघडू दे. कोप नको, आंबील नको. काचेला मी ओला हातसुद्धा लागू देणार नाही. आत्या फक्त हेंडगा पेटवून खांबाभोवती एक फेरी मारतील. त्या चालू शकल्या नाहीत तर मी त्यांना धरून चालेन. यंत्राला धूर दिसेल, ते म्हणेल, धुकं आहे. तू तिथे असशील. तुला कळेल, धुकं नाही, आम्ही आहोत. त्या वेळी यंत्र बंद ठेवू नका, आणि त्याने जे सांगितलं ते चूक म्हणून पुसू नका. तेवढं राहू दे.

तू नाही म्हणशील. पिंकी माझी असती तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी मागते आहे.

तुझी,
राजेश्री